दुपारी दोनचा प्रेमभंग

"शुक्रवारी शेवटचं प्रकरण तुमच्या टेबलावर असेल," असं मी संपादकबाईंना फोनवर ठणकावून सांगितलं, तेव्हा माझ्या कडेवरचे आठ महिन्यांचे लाटसाहेब माझाच कान चावत होते.

कादंबरी अकरावीतल्या दोघांची. दोनशे पानं प्रेम जमवून झालं होतं, आता मोडायचं होतं. मुलीचा निरोप लिहून तयार होता. त्यावर मुलगा काय म्हणतो, एवढंच अडलं होतं. शुक्रवार हुकला तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार. पुढच्या वर्षी लाटसाहेब चालायला लागणार, म्हणजे माझं लिखाण कायमचं बसणार!

माझी लिहायची वेळ म्हणजे साहेबांची झोप, दुपारी दोन ते साडेतीन. सोमवारी मुलीचा निरोप कानाला कसा लागतो म्हणून मोठ्यानं वाचला, तर साहेब तिसऱ्या वाक्याला गाढ झोपले. मंगळवारी अंगाई चालेना, थोपटणं चालेना. निरोप वाचला की झोप, थांबलं की डोळे टक्क उघडे. आता वाचत बसले तर लिहिणार कधी?

सासूबाई त्याच दुपारी मदतीला धावल्या, निरोप वाचायचं काम त्यांनी घेतलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. आवाज असा, की शेवटच्या बाकावर डुलकी घेणाराही दचकून उभा राहावा. नातू मात्र त्या आवाजात लोण्यासारखा विरघळला. पाळणा खिडकीशी. खिडकीखाली शिंपीकाकांचं दुकान. दुकानातल्या स्टुलावर, रोज दोन वाजता, पेपर घेऊन आमचे सासरे, बाबा. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

बुधवारपासून घरात काहीतरी बिनसलं, म्हणजे सुधारलं. जन्मभर कचेरीतून उशिरा घरी आलेल्या बाबांना चहाचं पातेलं कुठं असतं हे ठाऊक नव्हतं. त्यांनी चहा केला. सासूबाईंच्या चपलेचा तुटका पट्टा शिवून आणला. तुला कुठला रंग आवडतो, असंही विचारलं. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं, यांना डॉक्टरांनी काही सांगितलंय का म्हणून.

गुरुवारी दुपारी मी कोऱ्या कागदासमोर बसले होते. बाबा हळूच आले.

"सूनबाई, तो जो कोणी आहे ना, माझ्यापेक्षा उंच आहे का?"

सासरे माझ्या कादंबरीत रस घेतायत म्हणून मी हरखलेच. "बराच. बास्केटबॉल खेळतो."

"या वयात?"

"याच वयात खेळतात, बाबा."

ते खुर्चीत टेकले. "आणि ही त्याला नको म्हणते?"

"अगदी ठाम."

"मग रोज का सांगावं लागतं?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

मी पानं त्यांच्यापुढे ठेवली. दोन दिवस ते खिडकीखाली बसून ऐकत होते : 'आता पुरे. तू चांगला आहेस, पण उद्यापासून माझी वाट बघू नकोस.' बेचाळीस वर्षं त्यांना अहो म्हणणारी बायको कुणालातरी अरेतुरे करत होती. शिंपीकाकांचं मत पडलं होतं, की रोज नकार ऐकूनही येतो म्हणजे गडी चिवट आहे, तुम्ही हातपाय हलवलेले बरे.

बाबांनी पानं नीट जुळवून ठेवली. "म्हणजे कुणीच नाही," म्हणाले. जीव भांड्यात पडला होता, पण चेहरा थोडा हिरमुसलेलाही. उठता उठता पुटपुटले, "मी तिला एवढंच म्हणणार होतो, माझी वाट बघून कंटाळली होतीस तर सांगायचंस. मी लवकर आलो असतो."

दारात सासूबाई उभ्या होत्या. कडेवर लाटसाहेब. दोघंही टक्क जागे. बाबा मान खाली घालून चहा टाकायला गेले.

मी ते वाक्य जसंच्या तसं मुलाच्या तोंडी घातलं आणि शुक्रवारी प्रकरण पाठवून दिलं.

आठवड्यानं संपादकबाईंचा फोन आला. शेवट वाचून त्यांना रडू आलं होतं. पुस्तक यंदाच निघणार होतं. फक्त एक शंका होती.

"मुलगा काही पटत नाही हो. अकरावीतला पोरगा असं बोलतो का? एखाद्या सत्तरीच्या गृहस्थासारखा वाटतो."

मी सासूबाईंकडे पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आतून चहा उतू गेल्याचा वास येत होता.

"त्यांना म्हणावं," पाळण्याला झोका देत त्या म्हणाल्या, "वय चुकलं असेल. मुलगा बरोबर आहे."