घोडा पाहण्याचा कार्यक्रम

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं लहानपणीच बिनसलं, ते अजून मिटलेलं नाही. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. सुरेश, माझा मुलगा, म्हणतो, "आई, तुझी किराण्याची यादी वाचायला ऑफिसातला कॉम्प्युटर आणावा लागेल." त्याच्याच ऑफिसातून येणाऱ्या, कडेला भोकं असलेल्या कागदांच्या पाठीवर मी हे लिहितेय. कोणाला दाखवायचं नाहीच. पण चुकून तुमच्या हाती पडलं, तर चुका पोटात घाला आणि सबनीसकाकांकडे बघा. ते बघण्यासारखे आहेत.

सबनीसकाका घोडे बघायला जाताना पोह्यांचा डबा घेऊन जातात. घोड्यांसाठी नाही, स्वतःसाठी. कुंपणाशी उभे राहून, घोड्याला डोक्यापासून खुरापर्यंत न्याहाळत, चमच्याने पोहे खातात. "वहिनी, पोह्यांशिवाय पाहण्याचा कार्यक्रम होत नाही," असं त्यांचं म्हणणं. पोहे अर्थात मी करायचे.

काका आमच्या शेजारी, त्यांच्या पुतण्याकडे, श्रीकांतकडे राहतात. पुण्यात त्यांनी जन्मभर वधूवर सूचक मंडळ चालवलं. स्वतः मात्र बिनलग्नाचे. थकल्यावर श्रीकांतने त्यांना इकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आणलं, आणि त्यांचा धंदाच बसला. इथली मुलं आपापली जमवतात. मग काकांची नजर मिळेल त्या गोष्टीवर फिरायला लागली. सुरेशने नवी स्टेशन वॅगन आणली, तर तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "रंग उजळ आहे. अंगाने भरलेली आहे. पण खाणं फार दिसतंय." पोस्टमनला विचारलं, "मॅरीड? नो? व्हाय?" तो पोस्टमन हल्ली आमची पत्रं पेटीत टाकून धावतच परत जातो.

त्यांचा आवडता शब्द 'कळवतो'. चहा घेणार का विचारलं, तर "कळवतो." घरी जातात. दहा मिनिटांनी फोन वाजतो. "वहिनी, मघाशी चहाचं म्हणत होतात. आमच्याकडून होकार आहे." हा त्यांच्या मंडळाचा नियम होता. उत्तर आठ दिवसांच्या आत, होकार असो की नकार, आणि तेही स्वतः जाऊन सांगायचं. काकांचा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे. चालताना एक खांदा सारखा काहीतरी विचारत असतो आणि दुसरा उत्तर देत असतो. त्या पायाने त्यांनी अख्खं पुणं लोकांची उत्तरं पोचवत पालथं घातलं.

आता घोड्यांचं सांगते. इथे एप्रिलात पाइनच्या झाडांची पिवळी धूळ उडते, आणि गाड्या, पायऱ्या, वाळत घातलेली धुणी, सगळ्यांना हळद लागते. तेव्हाच तासाभराच्या अंतरावर एका माळावर घोड्यांची मोठी शर्यत भरते. नुसती पळायची नाही, अडथळ्यांची. वाटेत झुडपांचे कंबरभर उंच बांध असतात. घोड्याने स्वारासकट त्यांवरून उड्या मारत जायचं. अमेरिकन बायका मोठाल्या टोप्या घालून येतात, गाडीचं मागचं दार उघडून तिथेच जेवण मांडतात. आम्ही पाच-सहा मराठी घरंही जातो. आमच्या गाडीत बटाटेवडे असतात. एका स्टीलच्या डब्यात प्रत्येकाने एक डॉलर टाकायचा, घोड्याच्या नावाची चिठ्ठी उचलायची, आणि ज्याचा घोडा पहिला त्याचा डबा.

काका चिठ्ठी उचलत नाहीत. "चिठ्ठ्या टाकून कोणी जावई ठरवतं का? मी बघून ठरवणार." पण डॉलर? श्रीकांत चांगला आहे, मागितला तर देईल. पण त्याला हा प्रकार जुगार वाटतो, आणि काकांना मागायला आवडत नाही. म्हणून दर वर्षी शर्यतीच्या आधी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येतात, छताकडे बघतात आणि म्हणतात, "वहिनी, एक डॉलर होईल का? परतीचं कळवतो." दर वर्षी त्यांचा घोडा हरतो. आणि चहाचं दहा मिनिटांत कळवणारे काका डॉलरचं तेवढं कळवत नाहीत.

यंदा मात्र गोष्ट डॉलरवर थांबली नाही.

श्रीकांतची मुलगी अनिता इथेच जन्मलेली, जवळच्या रॅली शहरात नर्स आहे. काकांना मराठीत ऐकते आणि अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते. काकांनी तिच्यासाठी एक स्थळ हेरलं होतं. हेमंत, नागपूरचा, रॅलीच्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणारा. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला आला होता आणि काकांच्या बाजूला बसून निमूटपणे दोनदा श्रीखंड जेवला होता, एवढीच चौकशी.

"नो वे, आजोबा!" अनिता माझ्या ओट्यावर चढून बसली होती. "मी काय घोडा आहे, कोणी येऊन बघायला?"

"घोड्यांना मी जास्त मान देतो," काका म्हणाले. "ते तोंड बंद ठेवतात."

"ओके. लेट्स बेट. तुमचा घोडा फर्स्ट आला, तर मी त्या मुलाला भेटेन. हरला, तर माझ्यासाठी स्थळं बघणं बंद. फॉरेव्हर. माझ्यासाठी नाही, कोणासाठीच नाही. मंडळ क्लोज्ड."

मी गॅस बारीक केला. काकांकडे त्या मंडळाशिवाय दुसरं होतं काय?

"कळवतो," काका म्हणाले. घरी गेले. दहा मिनिटांनी फोन. "अनिताला सांगा, होकार आहे."

शर्यतीच्या आदल्या रविवारी अनितानेच आम्हाला त्या माळाशेजारच्या तबेल्यावर नेलं. तिला वाटत होतं, काका कसेही हरणारच. तबेल्यावर वॉल्टर नावाचा एक म्हातारा होता, घोड्यांचं सगळं बघणारा. काकांनी डबा उघडला आणि चौकशी सुरू केली. वॉल्टर बोलला की अनिता मला मराठीत सांगायची.

पहिला होता व्हर्जिनियाहून आलेला उंच काळा घोडा. सगळे म्हणत होते, हाच जिंकणार. काकांनी त्याचं नाव जहागीरदार ठेवलं.

"मदर?" काकांनी विचारलं.

"गुड मदर. ब्रेव्ह जंपर," वॉल्टर म्हणाला.

"आईकडचं घराणं चांगलं," काका मला म्हणाले. "नेचर? ॲट होम?"

वॉल्टरने जरा विचार केला. "बाइट्स."

"तापट. पण कमावता." मग वॉल्टर आणखी काहीतरी म्हणाला. अनिता हसायला लागली आणि काका कानापर्यंत लाल झाले. "वहिनी, तुम्ही जरा ती पलीकडची फुलं बघून या." मी फुलं बघून आले. काका गंभीरपणे सांगायला लागले, "स्थळात एक खोट आहे. पण ती शर्यतीच्या आड येत नाही, असं ते म्हणतात." ती खोट कोणती ते मी रात्री सुरेशला विचारलं, तर तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

दुसरा करडा घोडा. बांधासमोर येऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहायचा. "प्रोफेसर," काका म्हणाले. "विचारी आहे. पण संसारात इतका विचार चालत नाही." मग एक तांबडी घोडी. उड्या देखण्या, पण वळणावर आली की तबेल्याच्या दिशेने ओढायची. "सूनबाई. गुणी आहे. माहेर सुटत नाही." एका घोड्याने आधीच्या दोन शर्यतींत स्वार खाली पाडला होता. त्याच्यापुढे काका जरा जास्त वेळ उभे राहिले. "दोनदा घटस्फोट. चूक कोणाची ते दोन्हीकडून ऐकल्याशिवाय मी बोलणार नाही."

शेवटी एक तपकिरी घोडा होता, प्लेन जेकब नावाचा. चालताना मागचा एक पाय ओढायचा. वॉल्टर म्हणाला, हा पळायला लागला की सरळ होतो, पण चाल बघूनच लोक पुढे जातात. काका त्याच्यापाशी काही बोलले नाहीत. नावही ठेवलं नाही.

परतताना गाडीत त्यांनी निकाल दिला. "जहागीरदार." अनिताचा चेहरा उतरला. मला मनातून गुदगुल्या झाल्या. हेमंत घरी येईल तेव्हा मी साडी कोणती नेसावी इथवर मी पोचले होते.

शर्यतीच्या दिवशी ऊन छान होतं. माळावर टोप्याच टोप्या. काकांनी माझ्याकडून डॉलर घेतला, "परतीचं कळवतो," म्हणाले, आणि आम्ही तिघं कुंपणाशी गेलो. शर्यतीआधी घोड्यांना तिथे गोल फिरवतात. जहागीरदार आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रोफेसर आला, सूनबाई आली. मग जेकब आला, पाय ओढत. आमच्या बाजूला एक टोपीवाला गृहस्थ होता. त्याने मित्रांना जेकबची चाल करून दाखवली, एक खांदा वर, एक खाली. सगळे हसले.

काकांचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. मग त्यांनी डबा बंद केला.

"वहिनी, आपला डॉलर जेकबवर."

"अहो काका! जहागीरदार ठरलाय ना? मंडळाचं काय? अनिताचं काय?"

"मुलीला चालून दाखवायला सांगतात, ते तुम्हाला माहीत आहे," काका जेकबकडे बघतच म्हणाले. "मुलाला कोणी सांगत नाही. मला सांगितलं होतं. खिडकीपासून दारापर्यंत. मी चाललो. दारातून परतही आलो, त्यांनी सांगितलं नव्हतं तरी. मुलगी खाली बघत होती. मग पोहे दिले. पोहे छान होते. तिचे वडील म्हणाले, कळवतो."

"मग?"

"अजून कळवायचंय त्यांनी." काका हसले. "बाकीच्यांना मी तसं ताटकळत ठेवलं नाही, एवढंच."

अनिताने तिचा गॉगल डोळ्यांवर ओढला.

शर्यत सुरू झाली आणि मी आयुष्यात कधी ओरडले नाही इतकी ओरडले. दुसऱ्याच बांधावर स्वार गवतात पडला. "तिसरा घटस्फोट!" काका किंचाळले. प्रोफेसर बांधासमोर येऊन उभा राहिला तो राहिलाच. वळणावर सूनबाई माहेरी निघाली, स्वार लगाम ओढतोय आणि ती ऐकत नाही. आणि जेकब! वॉल्टर खोटं बोलला नव्हता. पळायला लागला तशी त्याची चाल कुठल्या कुठे गेली. एकाही झुडपाला पाय लागू न देता तो उड्या मारत होता. काका आखूड पायावर उभे राहून दुसरा पाय आपटत होते. अनिता ओरडत होती, "गो जेकब! गो, गो, गो!" जेकब जिंकला तर पैज आपणच हरणार, हे ती विसरलीच होती.

जेकब तिसरा आला. पहिला जहागीरदार, सगळे म्हणत होते तसा. त्याची चिठ्ठी अनिताने गंमत म्हणून श्रीकांतच्या नावाने उचलली होती. म्हणजे डबा मिळाला कोणाला, तर ज्याला जुगार आवडत नाही त्याला. तो इतका घाबरला की त्याने सगळ्यांना आइस्क्रीम घेऊन दिलं.

आइस्क्रीमच्या वेळी काका दिसेनात. शोधत आम्ही तबेल्याशी गेलो. वॉल्टर जेकबच्या अंगावर पाणी ओतत होता आणि काका समोर उभे होते, शर्टाची वरची गुंडी लावून.

"आमच्याकडून होकार आहे," ते जेकबला मराठीत सांगत होते. "चालीबद्दल आमचं काही म्हणणं नाही."

जेकबने मान हलवली. वॉल्टरनेही हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे.

सोमवारी काका दाराशी आले. "मंडळ बंद. शब्द म्हणजे शब्द. फक्त हेमंतला नकार सांगायचा राहिलाय. बस कुठून मिळते?" इथे बस कुठून मिळणार? तेवढ्यात मागून अनिता आली, हातात गाडीच्या किल्ल्या.

"मी नेते. आणि मी सांगते."

"तुला भेटायची गरज नाही. तू जिंकलीस."

"मी भेटत नाहीये, आजोबा. आय ॲम जस्ट कळवतेय. स्वतः जाऊन सांगायचं. युअर रूल."

ती दोघं गेली ती चांगली दोन-तीन तासांनी आली. मी खिडकीतच होते. अनिता हसत उतरली. "मावशी, त्याने आमच्यासाठी पोहे केले. कांदा टोटली जळलेला."

"नकार सांगितलास?"

"सांगितला ना. पण त्याला क्वेश्चन्स होते."

"एवढा वेळ?"

"अजून संपले नाहीत. सॅटर्डेला परत जाणार आहे." मी काकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मला विचारू नका. मंडळ बंद आहे."

जाताना अनिताने त्यांना विचारलं, "पुण्यात उत्तर पोचवल्यावर फी घ्यायचात ना?"

"जाण्यायेण्याचे पैसे. रिवाज होता."

"मग रिवाज म्हणजे रिवाज." तिने दहाची नोट त्यांच्या शर्टाच्या खिशात सरकवली. काका नको नको म्हणाले, पण फीला नको म्हणणं त्यांना कधी नीट जमलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात एकटेच चालत गेले. परत येताना मी त्यांना लांबून पाहिलं. एक खांदा विचारत होता, दुसरा उत्तर देत होता, आणि बुटांना पिवळी हळद लागली होती. या वेळी ते छताकडे न बघता आत आले आणि ओट्यावर सुट्ट्या डॉलरांची घडी ठेवली, प्रत्येक शर्यतीचा एक.

"वहिनी, परतीचं कळवतो म्हटलं होतं," ते म्हणाले. "कळवलं."

"चहा?" मी विचारलं.

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. मी आधण ठेवलं आणि पाठमोरी होऊन डॉलर मोजले. सगळे होते.