चार पुड्या पालुसामी

यंदाच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मी माझ्या मेहुण्याला, विलिमोनीला, धूळ चारणार होतो. यात शंकेला जागाच नव्हती! पैज साधी होती. हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या घरचे मासे वर्षभर साफ करायचे. विलिमोनीच्या घरी किती मासे येतात हे ज्यानं पाहिलंय, त्यालाच माझी जिद्द कळेल.

पहाटे मी ताकदीसाठी कालची उरलेली पालुसामी खाल्ली. अळूच्या पानांत शिजवलेलं नारळाचं घट्ट दूध! चार पुड्या!

"अहो, दोन पुरे," माझी बायको लितिआ म्हणाली.

"अगं, इंजिनाला तेल लागतं!"

"बघा हं. तेल गळतं कधीकधी."

मी तिच्याकडे दयेनं पाहिलं आणि बूट चढवले.

बाराव्या किलोमीटरपर्यंत सगळ्या फिजीत माझ्यासारखा धावपटू नव्हता. विलिमोनी पार मागे, दिसेनासा. आणि मग पोटात कुणीतरी दार ठोठावलं. आधी हळूच, मग पोलीस आल्यासारखं! डावीकडे समुद्र, तिथे आमच्या चर्चच्या बायका शिंपले वेचत होत्या. उजवीकडे उसाचं शेत, तिथे कापणीवाले. समोर तोमासी आजोबांचं घर, आणि त्याच्या मागे, देवा रे, पत्र्याचा संडास! बाजूच्या वाटेवर डुकरं बांधलेली. मी बूट दारात भिरकावले आणि घरातूनच घुसलो.

आत दहा-बारा म्हातारे चटईवर बसून नातीचं लग्न ठरवत होते. मधोमध यांगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या मानाच्या पेयाचं, लाकडी भांडं. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून ताठ चालत जाणं म्हणजे त्यांच्या थोबाडीत मारणंच. वाकून, "माफी असावी, माफी असावी" म्हणत जायचं. वाकणं मला मुळीच जड गेलं नाही. मी आधीच दुमडलेला होतो!

"बघा कसा वाकतोय! याला म्हणतात वळण," एक म्हातारा म्हणाला.

"बस बाळा, बस," तोमासी आजोबा गहिवरले.

बसलो! न बसून करतो काय? यांगोना भरलेली करवंटी आली. एक टाळी वाजवली, घटाघटा प्यायलो, तीन टाळ्या वाजवल्या. प्रत्येक टाळीला जीव मुठीत! डोळ्यांत पाणी, अंगाला घाम, तोंडातून शब्द फुटेना.

"अरे, कुणाचं काही बरंवाईट झालं का?" आजोबांनी हळूच विचारलं.

मी नुसतं मागच्या दाराकडे बोट दाखवलं आणि रांगत सुटलो.

पुढची दहा मिनिटं माझी आणि देवाची.

परत आलो तर घरात रडारड! मधोमध विलिमोनी, छातीवर शर्यतीचा नंबर, हातात करवंटी, हुंदके देत. आजोबांनी त्याला रस्त्यावरच अडवून सांगितलं होतं, तुझे दाजी वाईट बातमी घेऊन आलेत, दुःखानं बोलताही येत नाहीये त्यांना.

"दाजी! कोण? आमची लितिआ?"

"कुणी नाही रे. पालुसामी."

विलिमोनीनं करवंटी मला मारायला उचलली, पण ती भरलेली होती, आणि मान म्हणून दिलेली करवंटी प्यायल्याशिवाय ठेवता येत नाही. तो अडकला!

मला पुढचं दार दिसत होतं. पोट हलकं, पाय ताजे, मेहुणा मांडी घालून बसलेला. पळालो असतो तर जिंकलोच होतो! पण माझ्या घरच्या काळजीनं शर्यत सोडून आलेला तो माणूस अजून शर्टाला नाक पुसत होता. मला त्याच्याबद्दल फार प्रेम वाटलं. मी त्याच्या शेजारी बसलो.

"आता पळा ना!" तो गुरगुरला. "माझी बहीण जिवंतपणी मारलीत!"

"जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही," आजी आतून ओरडल्या. आणि पान वाढलं. त्यात पालुसामी होतीच.

आम्ही दोघं बरोबरच पोहोचलो. चालत, सगळ्यात शेवटी. लितिआनं निकाल दिला, दोघंही हरलात! आता दोन्ही घरचे मासे दोघं मिळून साफ करतो. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते एवढंच. आमच्याकडे दारावरून जाणाऱ्या कुणालाही "या, जेवायला!" अशी हाक मारतात. त्या रस्त्यावर हल्ली मी दिसलो की म्हातारे आधी सरकून मागच्या दारापर्यंतची वाट मोकळी करतात, आणि मगच हाक मारतात.