पणजोबांचं नाक

नुमेरिउसने कपाट उघडलं तेव्हा पणजोबांचं नाक हनुवटीवर आलं होतं.

पूर्वजांचे मेणाचे मुखवटे रोमच्या प्रत्येक खानदानी घरात जिवापाड जपतात. पण नुमेरिउसच्या बायकोने, वेतुरियाने, यंदा हौसेने गरम पाण्याचं न्हाणीघर बांधून घेतलं आणि त्याची भट्टी नेमकी कपाटामागच्या भिंतीला आली. गॉल लोकांना पळवून लावणारे पणजोबा न्हाणीघरापुढे मात्र विरघळले.

वेळही अशी की विचारू नका. नुमेरिउस यंदा टांकसाळीचा अधिकारी होता. चांदीच्या नाण्यावर पूर्वजाचा चेहरा उमटवायचा आणि पुढे निवडणुकीत त्याच्या पुण्याईवर मतं मागायची, ही रीतच होती. त्यात विरोधकांनी उठवलं होतं की हे घराणं त्या वीराचं नव्हेच, नुसतं नाव उचललंय. आणि ठसा कोरणारा कारागीर मुखवटा न्यायला दारात उभा.

कपाट एरवी बंदच असायचं, त्यामुळे मुखवट्याचं नाक कसं होतं ते कुणालाच आठवेना. पणजोबांना पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं, त्यांची नात ओप्सिदिया, म्हणजे नुमेरिउसची आत्या. आत्याचं नाक आधी वळणावर दिसायचं, मग आत्या.

"आजोबा ना? डिट्टो माझ्यासारखे," आत्या म्हणाली. "शिरस्त्राण आणा, मी बसते कारागिरासमोर."

नुमेरिउसने घाईने दार ओढून घेतलं. जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालणं म्हणजे राजा होऊ बघणं, आणि रोममध्ये राजा ही शिवी आहे. कळलं असतं तर निवडणूक सोडाच, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"अहो, शिरस्त्राणात कोण ओळखतंय?" वेतुरिया म्हणाली. भट्टी तिची असल्यामुळे तिला घाई होती.

नाणी निघाली. आत्या पहिलंच नाणं घेऊन मासळीबाजारात गेली. नुमेरिउस तिला अडवायला धावला, पण उशीर झाला होता. कोळ्याने नाणं पाहिलं, आत्याला पाहिलं, पुन्हा नाणं पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. गर्दी जमली. त्यात विरोधकांची माणसंही होती. नुमेरिउस खांबाआड उभा राहून देवाचं नाव घेऊ लागला.

"कोण म्हणतं रे हे घराणं खोटं?" कोळी म्हणाला. "नाक बघा की. आजोबाचं जसंच्या तसं नातीला आलंय. असलं नाक काय बाजारात मिळतं?"

विरोधक मुकाट्याने पांगले. त्या दिवशी आत्याला मासळी फुकट मिळाली.

घरी आल्यावर नुमेरिउसने तिचे हात धरले. "आत्या, पणजोबांच्या नाकाने तारलं बघ."

"त्यांच्या? ते चक्क नकटे होते," आत्या मासळी निवडत म्हणाली. "हे नाक माझ्या आईचं. तुमच्या कपाटात बायकांना कधी जागा असते का? म्हटलं, एकदा गावाने तिलाही बघावं."

नुमेरिउसने एक नाणं घेतलं, कपाटात पणजोबांच्या शेजारी ठेवलं आणि वेतुरियाला म्हणाला, भट्टी पेटती राहिली तरी चालेल, चांदी काही वितळत नाही.