वाढलेल्या बांगड्यांची हकीकत

श्रीगणपतीस वंदन, शारदेस वंदन, आणि जकातीच्या चौकीस दुरूनच नमस्कार असो. शके सोळाशे चौऱ्याऐंशी, चित्रभानु नाम संवत्सरे, वैशाखमासी एके राज्यी जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव कोणी पुसो नये.

तेथे काचारआळीत बयजाबाई म्हणून काचेच्या बांगड्या घडविणारी बाई होती. हात भट्टीचा, आणि जीभही भट्टीचीच. सासूने दिलेली भट्टी तिने तीस वर्षे थंड पडो दिली नाही, आणि त्या भट्टीवर आळीतील अकरा घरे नांदत होती. मग परमुलुखीचे सावकार गलबते भरभरून बांगड्या घेऊन आले, आणि जो माल आपले गावी रुपयास चाळीस विकीत तो येथे रुपयास शंभर देऊ लागले, आणि बायकांनी हौसेने कोपरापर्यंत भरून घेतल्या, आणि बयजाबाईच्या मालावर धूळ चढली. आता श्रीमंत सरकारांनी यावर कायदा केलाच होता, की परमुलुखीचा माल घरच्या मोलाहून हलका विकून अथवा पुरासारखा लोटून येथील धंदा बुडवील, तर त्यावर चढती जकात बसवावी. परंतु धंदेवाल्याने आपली हानी स्वमुखे सांगावी, आणि तीन सुनावण्यांत सिद्ध न जाहली तर अर्ज खारीज.

हानिकचेरीवर राजश्री गुलाबराय मुनशी होते. माणूस सज्जन, लाच घेत नसत. जन्म उत्तरेकडचा, आणि मराठी कोशावरून शिकलेले. एका शब्दास एक अर्थ, दुसरा त्यांसी खपत नसे. आणि काचारांची रीत ऐसी, की बांगडी सौभाग्याची वस्तू, तीस फुटली म्हणो नये, वाढली म्हणावे. दुकान बंद केले, हे तर कोणाही धंदेवाल्याने म्हणो नये, वाढवले म्हणावे. आणि जो अशुभ बोलेल त्याचे हातून कोणी सवाष्ण बांगडी भरीत नसे.

पहिले सुनावणीस मुनशींनी पुसिले, "बाई, धंद्याचे काय जाहले?" बयजाबाई डोळ्यांस पदर लावून म्हणाली, "काय सांगू सरकार, आळीतली सात दुकाने वाढवली हो!" मुनशी प्रसन्न जाहले आणि कारकुनास म्हणाले, "लिही, सात दुकानांची वृद्धी." दुसरे सुनावणीस ती म्हणाली, "पडून पडून निम्मा माल वाढला, आता भट्टीही वाढवायची पाळी आली." मुनशी म्हणाले, "भट्टीही वाढविता? मग रडता कशास?" बाई चक्रावली, आणि घरी येऊन जावेस म्हणाली, "मेल्याला काळीज नाही गं! मी गळा काढून सांगते, आणि हा फक्त पेढे वाटायचा राहिलाय."

तिसरे सुनावणीचे दिवशी अकरा घरांनी गाड्या जुंपून ठेविल्या, की निकाल उलटा जाहला तर मुलूख सोडावा. परमुलुखीचा सावकार नमुन्याच्या बारा बांगड्या चौरंगावर मांडून गालातल्या गालात हसत उभा. मुनशी म्हणाले, "बाई, तुमच्याच तोंडची वृद्धी कागदावर आहे. हानी असेल तर एका शब्दात सांगा, नाही तर चालते व्हा." शब्द बयजाबाईच्या ओठांशी आला, आणि समोर बसलेल्या सुनेचा हिरवा चुडा दिसला, आणि शब्द मागे फिरला. मग ती कडाडली, "वाढले हो, सगळे वाढले! अजून किती वाढायचे?" मुनशींनी संतापून चौरंगावर मूठ आपटिली, आणि चौरंग कलंडला, आणि बाराही बांगड्यांचा फरशीवर चुरा जाहला. तों कचेरीतील समस्त मंडळी एकमुखे ओरडली, "अगंबाई! वाढल्या, वाढल्या!"

मुनशी फरशी न्याहाळून म्हणाले, "कोठे वाढल्या? बारा होत्या, आता एकही नाही!"

मग मुनशींचा चेहरा हळूहळू उतरला, आणि ते हलक्या आवाजे म्हणाले, "बाई, तुमची सात दुकाने वाढली, म्हणजे..."

"कुलपे लागली, सरकार."

"आणि भट्टी?"

"आज सकाळीच वाढवली," बयजाबाई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

मुनशींनी तेथल्या तेथे परमुलुखीच्या बांगडीवर पाच सालांकरिता दुप्पट जकात बसविली, आणि गाड्यांचे बैल सोडविले, आणि स्वतः उठून मागील तीन सालांचे दप्तर उघडिले. त्यांत कोष्ट्यांचे कागद निघाले: यंदा वीस माग वाढवले, पुढे चाळीस, पुढे उरलेले अवघे. त्या भरभराटीबद्दल हुजुरांनी बक्षीस दिलेला शेला मुनशींचे खांद्यावरच होता. तो त्यांनी काढिला, आणि जासूद धाडिला, की कोष्ट्यांस सत्वर सुनावणीस आणावे. जासूद सांजपावेतो परतला आणि म्हणाला, कोष्टीआळीत दार उघडावयास कोणी नाही.

एकंदर वर्तमान ऐसे. कायदा चोख होता, अधिकारी नेक होता, काचार वाचले. कोष्टी कोणत्या मुलुखी गेले, हे या लेखकास ठाऊक नाही.