कार्यवंशाचा दाखला

दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा कुत्रा एका महिन्यात तिघांना चावला, तेव्हा इमारतीच्या व्यवस्थापन समितीला या प्रकाराची गंभीर दखल घेणं भाग पडलं. समितीने ती घेतली. दंतवैद्यांच्या कुत्र्याची अकरा पिढ्यांची वंशावळ चौकटीत घालून त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेली होती. असा कुत्रा मुळात चावूच शकत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच एकमताने ठरलं. मग तिघांच्या पोटऱ्यांवर दात उमटले कसे? तर इमारतीचं वातावरण बिघडलं म्हणून. वातावरण कोणी बिघडवलं? वंशावळ नसलेल्या कुत्र्यांनी. आणि बेचाळीस घरांच्या त्या इमारतीत वंशावळ नसलेलं कुत्रं एकच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण इतिवृत्तात त्याला ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’ असं म्हटलं आहे.

ते एकमेव कुत्रं म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या लिफ्टमनकाकांची पिवळी. काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ज्या माणसाने एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीची लिफ्ट वरखाली केली त्याला दुसरं काय म्हणणार? पिवळी त्या कचेरीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशी बसायची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जो तो आपापल्या टेबलाकडे गेला. काकांच्या मागोमाग घरापर्यंत आली ती एकटी पिवळी. तेव्हापासून काकांचा तिच्यावर फार जीव होता.

नोटीस नेमकी होती. विनावंश श्वानाच्या पालकाने तीस दिवसांत आज्ञापालनाचं प्रमाणपत्र सादर करावं, अन्यथा श्वानास इमारतीबाहेर काढण्यात येईल. काकूंनी ती वाचली आणि म्हणाल्या, चावला त्यांचा, प्रमाणपत्र आपण का आणायचं? काकांना हा प्रश्न सुचलाच नव्हता. ते तोवर चपला घालून तयार होते.

श्वान आज्ञापालन परीक्षा मंडळाच्या खिडकीपाशी काका आणि पिवळी दोन तास रांगेत होते. काका उभे होते, पिवळी बसलेली होती. खिडकीतल्या बाईंनी चौदा पानांचा अर्ज पुढे ओढला आणि जात विचारली. काका म्हणाले, पिवळी. बाई म्हणाल्या, तो रंग झाला. मग त्यांनी कार्यवंश की प्रदर्शनवंश असं विचारलं, आणि काकांचा चेहरा पाहून, दिवसातून चाळीसदा समजावणाऱ्या माणसाच्या सुरात समजावून सांगितलं. ज्यांच्या वाडवडिलांनी मेंढ्या वळल्या, पहारे दिले, माग काढले, तो कार्यवंश. ज्यांचे वाडवडील नुसते मंचावर उभे राहून बक्षिसं घेऊन आले, तो प्रदर्शनवंश.

“पण ही सांगितलेलं सगळं ऐकते हो,” काका म्हणाले. “बघा ना, दोन तास बसलीये.”

“काका, कार्यवंशातला कुत्रा बसला तर ते आज्ञापालन. प्रदर्शनवंशातला बसला तर ती शोभा. आणि वंशच नसलेला बसला, तर तो फक्त बसला.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी अर्जाच्या समासात ‘सध्या बसलेली आहे, कारण अज्ञात’ अशी नोंद केली आणि नियमावलीची पानं उलटून काकांसाठी एक वाट शोधून काढली. नियम एकतीस, पोटनियम ग. श्वानाचा वंश अज्ञात असल्यास पालकाचा तीन पिढ्यांचा कार्यवंश तात्पुरता ग्राह्य धरण्यात येईल. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी काकांना धास्ती वाटली. तरी ते गुरुवारी मुख्य परीक्षकांपुढे आपल्या घराण्याची माहिती द्यायला हजर झाले.

मुख्य परीक्षक पन्नाशीचे, शिट्टी गळ्यात अडकवून कचेरीत बसणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी आजोबांबद्दल विचारलं. काकांचे आजोबा रेल्वे फाटकावर होते. आडमार्गावरची ती गाडी बंद झाली, रूळही उखडून नेले, पण फाटक उघडं ठेवायचा हुकूम काही आला नाही. आजोबांनी ते नऊ वर्षं बंद ठेवलं. लोक दोन मैलांचा वळसा घालून जात. वडील नकलनवीस होते. एकदा मूळ कागदावर माशी चिरडलेली निघाली, तर त्यांनी माशा मारून सातही प्रतींवर त्याच जागी एकेक चिकटवली. माशी टू माशी ही म्हणायची गोष्ट असते, पण या घराण्यात ती कार्यपद्धती होती.

“आणि तुम्ही?” परीक्षकांनी विचारलं. त्यांचा आवाज थोडा बदलला होता.

काका संकोचले. सांगण्यासारखं काही नाही म्हणाले. एकदा लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. अग्निशमनवाल्यांनी छताची झडप उघडून हात दिला, पण आत पाटी होती, ‘चालकाने लिफ्ट सोडून जाऊ नये’. साहेबांची लेखी परवानगी दोरीने खाली सोडली, तेव्हा काका बाहेर आले.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. असे वंश आता राहिले नाहीत, असं ते म्हणाले. खाण तशी माती, हे त्यांनी लोकांना सांगून सांगून तोंड दुखवलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी ‘अस्सल’ असा शिक्का मारला. काका आनंदाने घरी आले. आपल्या घराण्यात आनंद मानण्यासारखं काही आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

चाचणी रविवारी मैदानावर झाली. दोऱ्या आखलेल्या, मांडव घातलेला, एका टोकाला माणसाच्या उंचीचा हिरवा पडदा उभा केलेला. देखण्या जातींचे कुत्रे आले होते. मेंढपाळी कुत्रे सर्वांत जास्त. त्यांच्या पणज्यांनी डोंगरच्या डोंगर राखले होते, पण त्यांनी स्वतः मेंढी फक्त मालकाच्या स्वेटरच्या रूपात पाहिली होती. दंतवैद्यांचा कुत्रा पहिल्याच फेरीत मैदानावरच्या मदतनिसाला चावला. परीक्षकांनी वाकून जखम पाहिली आणि ‘पकड’ या सदरात दहापैकी आठ गुण दिले. सोडायला उशीर केला म्हणून दोन कापले. परीक्षा निःपक्ष होती.

काकांची पाळी आली. काका पिवळीकडे वळून म्हणाले, “जरा बसतेस का?” पिवळी बसली.

परीक्षकांनी शिट्टी वाजवली. ही विनंती झाली, म्हणाले. विनंतीला गुण नाहीत, आज्ञा द्या. काकांनी घसा खाकरला. पण आज्ञा कधी दिली असेल तर येणार ना! एकतीस वर्षं त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘कितवा मजला?’, आणि तोही प्रश्नच. त्यांनी छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि बाहेर नुसती हवा आली. पिवळीला त्यांची दया आली असावी, कारण ती आपणहून उठली, गोल फिरली आणि पुन्हा नीट बसली. ‘आज्ञेविना बसली, शून्य’ अशी नोंद झाली. आज्ञेविना उठली म्हणून आणखी पाच गुण गेले. दोरीबाहेर उभ्या काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, ते काकांना कळलं नाही.

आता सगळी मदार शेवटच्या कसोटीवर होती. तिला शंभरपैकी साठ गुण. कुत्र्याने जागेवर बसायचं, पालकाने पडद्यामागे जायचं, पाच मिनिटं एकमेकांना दिसायचं नाही.

“पडद्यामागे उभे राहा,” परीक्षक म्हणाले. “मी बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही.”

काका पडद्यामागे गेले. एवढ्यात दोन परीक्षकांचा वाद पेटला. बक्षीस देताना मेंढपाळी जात आधी उभी करायची की राखणदार जात, यावर आवाज चढले. तो मिटवायला सगळे जेवायला गेले, जेवून त्यांना सुस्ती आली, आणि सुस्ती आल्यावर माणूस घरी जातो. राहिलेले निकाल टपालाने कळवण्याचं ठरलं.

पिवळी पाच मिनिटं बसली. पुढे तासभर बसली. दोऱ्या सुटल्या, मांडव उतरला, तरी बसून राहिली. शेवटी कामगार तिच्याखालची सतरंजी गुंडाळायला लागले, तेव्हा ती उठली, अंग झाडलं आणि सरळ पडद्यामागे गेली. तिने काकांच्या विजारीचा पाय हळूच दातात धरून ओढला. “थांब गं,” काका कुजबुजले, “अजून बोलावलं नाही.” पिवळीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि फाटकाशी मदतनिसाच्या जखमेला पट्टी बांधत बसलेल्या काकूंना बोलावून आणलं. काकूंनी सांगितलं, सगळे गेलेत, मैदान रिकामं आहे. काकांनाही ते ऐकू येत होतं, ते काही बहिरे नव्हते. पण आपण हललो तर पिवळीचं घर जाईल, अशी त्यांना भीती होती. आणि खरं सांगायचं तर, कोणी सांगितल्याशिवाय कसं हलायचं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

संध्याकाळी सहाला पडदा नेणारा टेम्पो आला. चालकाने मंडळाला फोन करून विचारलं, पडद्यामागे एक माणूस निघालाय, तोही घ्यायचा का?

मुख्य परीक्षक घरच्या कपड्यांतच धावत आले. सहा तास चाळीस मिनिटं. कोणत्याही जातीत, कोणत्याही वंशात असा विक्रम नव्हता. त्यांनी काकांभोवती एक फेरी मारली, खांदे पाहिले, पाठीचा कणा वाकलेला आहे ना याची खात्री केली. डोळे पुसले. आणि टेम्पोच्या बॉनेटवरच प्रमाणपत्र भरलं. पिवळी आज्ञेविना जागा सोडल्यामुळे नापास झाली होती, तिचं नाव घालणं नियमात बसेना. प्रमाणपत्र काकांच्या नावाने झालं. वंश, अस्सल कार्यवंश. आज्ञापालन, उत्कृष्ट. स्वभाव, निर्धोक.

इमारतीच्या सचिवांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. कागद चोख आहे म्हणाले. तुम्हाला इमारतीत राहायला आता कुणाचीही हरकत असणार नाही. काकांनी हात जोडून आभार मानले आणि मग पिवळीचं विचारलं.

“तिचा कागद कुठाय?” सचिव म्हणाले. “नाही ना? मग उद्या दहाच्या आत. आणि तुम्हीच सोडून या, बाकी कोणावर विसंबता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिव श्वान बाहेर काढल्याची वहीत सही घ्यायला स्वतः वर आले. काकांनी खुंटीवरचा पट्टा काढला. काकूंनी विचारलं, कुठे सोडणार आहात तिला?

“ते सांगतील ना.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला भित्रा म्हटलं होतं, भोळा म्हटलं होतं, पण आज त्यांना त्याची भीती वाटली. त्यांनी पट्टा त्यांच्या हातातून काढून घेतला, दोन पिशव्या भरल्या आणि चपला घातल्या. मी बहिणीकडे चालले, पिवळीला घेऊन, म्हणाल्या.

“तुम्ही येताय?”

काकांना जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलासुद्धा. पण सचिव वहीतलं पान शोधता शोधता, वर न बघता म्हणाले, “थांबा जरा.” काका थांबले. पिवळी जिन्याच्या वळणावर उभी राहिली, मागे वळून बघत राहिली. तिला कोणीही तसं सांगितलेलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग काकूंनी तिला हाक मारली आणि त्या दोघी खाली उतरून गेल्या.

सचिवांना सही मिळाली. एवढं दुःख झालेलं असतानाही काकांनी ती रेघेवर केली, याचा समितीवर खोल परिणाम झाला. त्याच आठवड्यात ठराव झाला की इमारतीतल्या प्रत्येक रहिवाशाने महिनाअखेर आज्ञापालनाचं प्रमाणपत्र आणावं. हीच चाल पुढे शेजारच्या इमारतींनी उचलली, मग सगळ्या पेठेने. रविवारी मैदानावर तोबा गर्दी असते. खिडकीतल्या बाई सांगत होत्या, हजारो अर्ज आले, पण कशासाठी असं अजून एकानेही विचारलेलं नाही. निळी शाई चालेल का, एवढंच विचारतात. चालत नाही, काळीच लागते. तुमचा अर्ज अजून भरायचा असेल, तर तेवढं लक्षात ठेवा.