आगाऊ डोलावलेली मान

कलेच्या कार्यक्रमात मुलाखतकाराने मान कशी डोलवावी, हे अख्ख्या लंडनात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! वीस वर्षं दिग्दर्शक म्हणून टीव्हीवर चित्रकार दाखवतोय. त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं मी ऐकलेलं नाही. ते बोलतात तेव्हा मी त्यांच्या तोंडावरचा उजेड बघतो.

पण परवा साहेबीणबाईंनी बोलावलं. "सिरिल, तुमच्या कार्यक्रमाला कुत्रं विचारत नाही," मिस हेस्केथ म्हणाल्या. "पुढचा भाग पडला तर तुमची वेळ स्नूकरला!"

मी हातापाया पडून कॉर्नवॉलच्या मॉड गॅदरकोल या खडूस चित्रकर्तीला स्टुडिओत बोलावलं. नेमका त्याच दिवशी आमचा मुलाखतकार अँब्रोज टिलनी इटलीला निघालेला! पण मी डगमगतो की काय? मुलाखतकाराच्या माना आम्ही एरवी मुलाखतीनंतर वेगळ्या चित्रित करतो आणि मधेमधे चिकटवतो. या खेपेला बाई पोचायच्या आतच उरकल्या! अँब्रोजनं रिकाम्या खुर्चीकडे बघत अशी मान डोलावली, की खुर्चीलाच भरून यावं.

"गंभीर झाली?" त्यानं विचारलं.

"झाली. आता दोन हळहळीच्या दे!"

तो गेला, बाई आल्या. प्रश्न मी विचारले. बाई बोलल्या, मी उजेड बघितला. मग फिल्म जोडणाऱ्या डोरिसला सांगितलं, "बाई दम खायला थांबल्या की चिकटव मान."

"साहेब, पण त्या काय म्हणतायत ते एकदा..."

"डोरिस, कला आहे ती! ऐकायची नसते!"

रविवारी बायको विनिफ्रेडबरोबर घरी बघायला बसलो.

"तुमचा तो टिलनी!" मॉडबाई पडद्यावर कडाडल्या. "त्याला चित्रातलं गाढवाइतकंही कळत नाही!"

अँब्रोजनं भारदस्त मान डोलावली.

"नुसता हात मागे बांधून गॅलरीतून फिरतो!"

पुन्हा मान.

"असल्याला पगार देता?"

हळहळीची मान.

"अरे सिरिल," विनिफ्रेड म्हणाली, "या माणसाचं मला आज पहिल्यांदा पटलं!"

माझ्या हातातला चहा मांडीवर. तासाभरात इटलीहून फोन; लंडनच्या कुणीतरी अँब्रोजला कळवलं होतं. "तुझा गळाच दाबतो!" अँब्रोज गरजला. नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो.

सकाळी पेपर उघडला तर कौतुकाचा पाऊस! 'स्वतःचे वाभाडे इतक्या नम्रपणे ऐकणारा मुलाखतकार!' कार्यक्रम बचावला. अँब्रोज इटलीहून परतताच मिस हेस्केथनी आम्हा दोघांना बोलावलं.

"काय कल्पना! कुणाची?"

मी तोंड उघडलं.

"माझीच," अँब्रोज लाजत म्हणाला. "सिरिलच्या गळी उतरवताना नाकी नऊ आले हो!"

"मग तुम्हाला सिरिल हवेत कशाला?"

सध्या मी बागकामाच्या कार्यक्रमात कोबी दाखवतो. कलेपेक्षा दुप्पट लोक बघतात, पण हे आपल्यातच ठेवा!