मामाचं दुहेरी नाणं

आमच्या घरात नाणं मुक्कामाला राहिलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. हुपरीत मामाच्या घरी मी वाढलो. अख्खं घर दुसऱ्याच्या चांदीच्या पैंजणांना कड्या जोडत बसायचं आणि मजुरी हातात आली की ती सांजच्याला वाण्याकडं पोचलेली असायची. त्याच मजुरीतून मामा-मामीनं मला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी भेटेल त्याला सांगतो, लाज कसली?

आता मामा-मामी माझ्याकडं, शिवाजी पेठेत राहतात आणि मामा हातात आलेलं एकही नाणं तपासल्याशिवाय सोडत नाही. खिशात भिंग असतंच. दुकानात सुट्टे मिळाले की रांग थांबते. "दम खावा पावणं, नजर टाकू द्या." मागचे कावतात, मामा ढिम्म. एकदा फुटबॉलच्या सामन्यात पंचानं नाणेफेक केली, तर मामा ते नाणं बघायला थेट मैदानातच निघाला. पोरांनी अशा शिट्ट्या घातल्या की खेळाडूंना वाटलं, कुणीतरी मंत्री आला.

हे वेड माझ्याच मोबाइलवर चुकीच्या नाण्यांचा एक व्हिडिओ बघून लागलं. कधी कधी नाण्याचा ठसा तयार करतानाच नक्षी त्यावर दोनदा, किंचित सरकून उमटते. मग त्या ठशानं पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरं दुहेरी येतात. अशा नाण्याला संग्रह करणारे चांगली किंमत देतात, आणि मामाला तसं एक पाहिजे होतं. पण नवशिका हमखास फसतो. ठसा चांगला असला, आणि नाणं पाडताना नुसता हलला, तरी अक्षराला पायरीसारखी चपटी कड येते. ती दुहेरी वाटते, खरी नसते. खऱ्यात दोन्ही अक्षरं सारखीच गोलसर उठलेली असतात आणि टोकाला फाटे दिसतात. मी हे नीट समजावून सांगितलं. मामा म्हणाला, तुझं कालेज तुझ्यापाशी ठेव. आणि चपट्या कडांची नाणी डब्यात टाकत राहिला.

दुसरी खोड खास हुपरीची. मळकट नाणं त्याला बघवत नाही. आणलं की रिठ्याच्या पाण्यात, आणि वर पितळी ब्रशचा हात. जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यानं बजावलं होतं की, घासलेलं नाणं संग्रह करणारा माणूस हातात धरत नाही. मामा मान डोलवायचा, घरी येऊन घासायचा. जन्मभर पैंजण उजळणारा हात तो, ऐकतोय कशाला.

मामी हे सगळं आत बसून ऐकायची. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण एकाचे दोन दिसायला लागले. एक डोळा झाकला की एकच दिसतं, म्हणून डॉक्टरांनी पट्टी दिली. ती तिनं बांधली नाही. शेजारच्या हळदीकुंकवात तिनं एका बाईच्या कपाळाऐवजी हवेतच कुंकू लावलं होतं आणि बायका हसल्या होत्या. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. बारीक कडीचा सांधा नुसत्या नजरेनं ओळखणारी बाई, आपली नजर खोटी झाली म्हणून भिंतीकडं तोंड करून बसायची. मी समजूत घालून थकलो.  मामा नुसतं, एक खरं दुहेरी नाणं गावू दे, एवढंच म्हणायचा.

मग दोन रुपयांचं एक जुनं नाणं गावलं. व्यापारी भिंगातून बराच वेळ बघत राहिला.

"मामा, खरं हाय. ठशातलीच चूक. पर घासलंसा कशाला? आता कोण घेतंय ह्याला?"

मी कपाळाला हात लावला. मामाला त्याचं काहीच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता की, पण नक्की दोन हाईत नव्हं? व्यापारी व्हय म्हणाला, तसा मामा उठलाच.

घरी आल्यावर त्यानं नाणं आणि भिंग मामीच्या हातात दिलं. मामीनं सवयीनं एक डोळा तळव्यानं झाकला. बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं.

"अवो, डोळा झाकला तरी अक्षरं दोनच दिसत्यात की."

"दोनच हाईत. मला बी दिसत्यात, त्या व्यापाऱ्याला बी दिसली."

मामी भिंग सोडेना. मामा तिच्याजवळ खाली बसला. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"ठसा करणाऱ्याचा हात हलला, त्याला हे नाणं काय करणार? तरी बाजारभर फिरलं. ह्याला कुणी घरात बसवलं न्हाय."

 मामीनं नाणं परत दिलं नाही, कमरेच्या पिशवीत टाकलं.

त्याच आठवड्यात मामी डोळ्याला पट्टी बांधून मंडईत गेली आणि भाजी घेऊन आली.